केशरबाईंचा फ्रेंच आवाज

माँक्टन, कॅनडा
८ सप्टेंबर २०२४

प्रिय खुशनुमा,

फोनवर आपण दोघी नुसत्या बोलतो, ऐकत कुणीच नाही. म्हणून हा ईमेल लिहायला बसले. सावकाश वाच, पण उत्तर सावकाश देऊ नकोस.

मे महिन्यात तू दुभाषी म्हणून आमच्या दिग्दर्शक मिरेय बाईंना आणि कॅमेरावाल्याला ऊसतोड बायकांच्या वस्त्यांवर फिरवलंस, ती फिल्म आता जुळवायला घेतलीय. अर्धी फिल्म इथल्या समुद्रकाठच्या खेकड्यांच्या कारखान्यात हंगामावर जाणाऱ्या बायकांची, अर्धी बीड जिल्ह्यातल्या बायकांची. तू मागं विचारलं होतंस, तुमचं टीव्ही केंद्र म्हणजे नक्की काय? सरकारी पैशावर चालतं, पण सरकारचं ऐकत नाही, निदान तसं म्हणतात. सगळं फ्रेंचमधून. ह्या प्रांतात इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषा कागदावर सारख्या, पण दुकानात, बँकेत, दवाखान्यात इंग्रजीच वरचढ. म्हणून आमच्याकडची माणसं फ्रेंचच्या एकेका शब्दासाठी भांडतात. शिवाय यंदा बजेट कापणार अशी हवा आहे. कॅन्टीनमध्ये दोघं कुजबुजले तरी बाकीचे जेवण थांबवतात. माझा करार डिसेंबरला संपतो.

आता खरी बातमी. त्या वस्तीवरच्या केशरबाईंच्या बोलण्यावर फ्रेंच आवाज द्यायचाय. खाली त्यांचा मराठी आवाज बारीक चालू राहील, वर फ्रेंच. आणि तो आवाज मी देणार आहे! आपल्या वडवणीच्या शाळेत कवितेला उभं केलं की घाम फुटायचा, ती मी.

एक अडचण आहे. पोटदुखीचा प्रश्न आला तिथं केशरबाई बराच वेळ बोलतात, आणि तुझं इंग्रजी एवढंच येतं, ‘माझं पोट फार दुखायचं.’ वारा सुटलाय, आवाज नीट ऐकू येत नाही. त्या काय म्हणाल्या होत्या? आठवत असेल तर लिही.

तुझी,
स्वप्नाली

---

वडवणी
१० सप्टेंबर

स्वप्ना,

मुबारक! तुझा आवाज टीव्हीवर म्हणजे अम्मीला सांगितलं तर ती आधी विचारेल, पोरीनं डोक्यावर पदर घेतला का.

इथं सगळं ठीक. अब्बांनी फळाचा गाडा आता सावलीत, बँकेसमोर लावलाय. गुफरानच्या गॅरेजमध्ये ट्रॅक्टरांची रांग लागलीय, हंगामाच्या आधी सगळ्यांना एकदमच आठवण होते. मी रोज बीडला क्लासमध्ये इंग्रजी शिकवायला जाते आणि एसटीत उभी राहून येते.

तू विचारलंस त्या जागेचं मला फारसं आठवत नाही. वारा होता, मागं ट्रॅक्टर चालू होता. ती पोटदुखीचंच सांगत होती. खेड्यातल्या बायका एकच गोष्ट चारदा सांगतात, तुला माहीत आहे. तू तेवढंच घे.

कारखान्यातल्या खेकड्यांचा वास कपड्यातून जातो का ग? मिरेय बाई सांगत होत्या, जात नाही.

खुशनुमा

---

माँक्टन
१२ सप्टेंबर

खुशनुमा,

मी काल हेडफोन लावून ती जागा पुन्हा पुन्हा ऐकली. आवाज साफ केल्यावर सगळं ऐकू आलं. केशरबाई एकच गोष्ट चारदा सांगत नाहीत. एकदाच सांगतात. हे बघ:

‘मला मुकादमच घिऊन गेलता दवाखान्यात. म्हनला, पिशवी काढली म्हंजी पाळीचा तरास न्हाई आन् कामाला खाडा बी न्हाई. मला कुनी इचारलंच न्हाई. माझं वय तवा सव्वीस. त्या सालात आमच्या टोळीतल्या सात जनींच्या काढल्या. सगळ्यास्नी त्योच घिऊन गेलता.’

आणि तू म्हणालीस, पोट दुखायचं.

बाई गर्भाशय काढल्याचं सांगतेय, कुणी नेलं ते सांगतेय, आणि तू ते गिळून टाकलंस? तुला ऐकू आलं नाही असं सांगू नकोस, तू तिच्या हाताच्या अंतरावर बसली होतीस. मला पहिल्या पत्रात तू खोटं लिहिलंस ते वेगळंच. का ग? शब्द सापडला नाही का?

रेकॉर्डिंग पुढच्या आठवड्यात आहे. मी काय बोलू?

स्वप्नाली

---

वडवणी
१३ सप्टेंबर

स्वप्नाली,

शब्द सापडला नाही? दिवसाला तीन बॅचना मी इंग्रजी शिकवते.

तुझ्या कॅमेऱ्यात न आलेलं सांगते. शूटिंगला परवानगी धुळाजी मुकादमानं दिली. वस्तीवरची सगळी टोळी त्याची. त्याला वाटलं, परदेशात आपलं नाव होतंय. सोबत पुतण्याला पाठवलं, अभिमन्यूला. मिरेय बाईंच्या मागं तो प्रकाश पाडायला चांदीसारखा पत्रा धरून उन्हात उभा होता, तोच. तो पुण्याला इंजिनिअरिंग शिकलाय. केशरबाई काय बोलते ते तो लांबून नीट ऐकत नव्हता, ट्रॅक्टर खरंच चालू होता. पण मी इंग्रजी मोठ्यानं बोलत होते, मिरेय बाईंना ऐकू जावं म्हणून. ते त्याला शब्दन्‌शब्द कळलं असतं. केशरबाईनं दम घेतला आणि सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मला विचार करायला तेवढाच वेळ होता. मी पोटदुखी म्हटलं.

तू तिथं बसून मला विचारतेस, का. तुझं आता वडवणीत कोण आहे? घर विकलं, आईबाबा पुण्याला दादाकडं. धुळाजीचे आणि त्याच्या भावबंदांचे ट्रॅक्टर गुफरानच्या गॅरेजला येतात, त्यावर आमचं घर चालतं. आम्ही इथं कोण आहोत आणि तो कोण आहे, हे तुला मी सांगायला पाहिजे का? आणि केशरबाई दसऱ्यानंतर त्याच्याच टोळीत ऊस तोडायला जाणार आहे, नवरा, मुलगा, सून सगळे. सहा महिने त्याच्या हाताखाली. ती बाई तिथं फडात असेल आणि तू टीव्हीवर तिच्या आवाजात बोलशील.

पोटदुखी म्हण. तुझं फ्रेंच केंद्र त्यानं बंद पडणार नाही.

खुशनुमा

---

माँक्टन
१६ सप्टेंबर

खुशी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. अभिमन्यूचं मला सुचलंच नाही. पत्रा धरलेला मुलगा म्हणून तो कच्च्या फिल्ममध्ये दिसतो, हसतोय.

पण उशीर झाला. तुझं उत्तर यायच्या आधीच मी मिरेयला खरं वाक्य सांगून बसले होते. मला वाटलं होतं, ती उड्या मारेल. ह्या वर्षी आमच्या केंद्राला अशा फिल्मची किती गरज आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिनं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, ‘आणि केशरबाई? तिला विचारलं का कुणी?’

मी म्हटलं, तिनं कॅमेऱ्यासमोर सांगितलंय.

तेव्हा तिनं तिच्या आईची गोष्ट सांगितली. आईला इंग्रजी येत नव्हतं. इथल्या दवाखान्यात तेव्हा फ्रेंच बोलणारी एकही नर्स नव्हती. नर्स जे विचारेल त्याला आई मान डोलवून ‘येस’ म्हणायची, सभ्य दिसावं म्हणून. त्या मान डोलावण्यावर तिचं काय काय केलं गेलं, ते घरच्यांना नंतर कागदांवरून कळलं. ‘हे केंद्र अशा बायकांनी मागून घेतलंय,’ मिरेय म्हणाली. ‘इथं मी कुणाची मान तिच्या वतीनं डोलवणार नाही. हो म्हणूनही नाही, नाही म्हणूनही नाही.’

तू तिला वाचवायला शब्द गिळलास, मी तिला न्याय द्यायला शब्द उकरून काढले, आणि तिच्या घरी दोघींपैकी कुणी गेली नाही.

तू जाशील का? मला माहीत आहे, मी फार मागतेय. मुकादमाचं आणि दवाखान्याचं नाव आम्ही कोणत्याही परिस्थितीत घेणार नाही, आमचा वकील घेऊच देत नाही. ती नको म्हणाली तर मी पोटदुखी म्हणेन आणि ती फीतही जपून ठेवणार नाही. रेकॉर्डिंग पुढं ढकललंय.

स्वप्ना

---

वडवणी
२२ सप्टेंबर, रविवार

स्वप्ना,

गेले होते. आत्ताच आले. घाईत लिहितेय, चुका काढू नकोस.

केशरबाई घरामागं सरपण रचत होती. मला बघून म्हणाली, ‘आली का इंग्रजी बाई.’ चहा झाला. मी इकडचं तिकडचं बोलत राहिले, तर तीच म्हणाली, ‘मूळ कामाचं बोल की.’

मी सांगितलं. तू सांगितलंस ते आणि मी केलं ते. मान खाली घालून.

ती हसली, स्वप्ना. ‘तुला काय वाटलं, मला कळलं न्हाई व्हय? मी यवढं बोलले आन् तुजं इंग्रजी चिमूटभर. तवाच वळखलं, पोरगी भ्याली.’

मी म्हटलं, अभिमन्यू होता मागं.

‘मला दिसत व्हता की. म्हनून तर हळू बोलले. पन बोलले.’ मग लाकडं खाली टाकून म्हणाली, ‘तुमी दोघी शिकलेल्या. मला एक सांगा, त्या गोऱ्या बाईचं टीवी कवा लागायचं?’

मी म्हटलं, थंडीत. डिसेंबर, जानेवारी.

‘मग त्याचा मला काय उपेग? बुधवारी माज्या सुनंला न्यायलेत.’

सून म्हणजे ऋतुजा. बावीस वर्षांची आहे, एक छोटी मुलगी आहे, आरोही. दोन महिने तिचं ओटीपोट दुखतंय, अंगावरून जातंय. धुळाजीनं सांगून ठेवलंय, हंगामाच्या आधी मोकळं करून घेऊ. तोच दवाखाना. ऋतुजा दारात उभी राहून सगळं ऐकत होती. मी तिला विचारलं, तुला करायचंय का ऑपरेशन? ती नवऱ्याकडं, हनुमानकडं बघायला लागली आणि तो चपलेच्या अंगठ्याकडं.

‘टीवीवर काय सांगायचं ते सांगा,’ केशरबाई म्हणाली. ‘तोंड बी दाखवा माजं. पन आदी हिला वाचवायचं बघ. बीडच्या सरकारी दवाखान्यात आत कसं शिरायचं, कुनाला काय इचारायचं, मला कळत न्हाई. तुला कळतंय.’

उद्या क्लासला सुट्टी सांगते. मंगळवारी सकाळी ऋतुजाला बीडला नेणार आहे. घरी अजून सांगितलं नाही. गुफरान बाहेर धुळाजीच्याच ट्रॅक्टरखाली झोपून नट आवळतोय.

खुशनुमा

---

माँक्टन
२६ सप्टेंबर

खुशी, मंगळवार होऊन गेला. फोन बंद का आहे? नुसतं ‘ठीक’ असं लिही.

स्वप्ना

---

माँक्टन
३० सप्टेंबर

खुशनुमा,

तुझ्या क्लासच्या नंबरवर फोन केला. मॅडम रजेवर आहेत म्हणाले. कशासाठी, ते माहीत नाही. कामावर माझं लक्ष नाही. मी तुला जा म्हटलं नसतं तर, हा विचार सकाळी बसमध्ये चढताना सुरू होतो. मिरेय रोज दारात येऊन भुवया उंचावते, मी मान हलवते, ती जाते. काही झालं असेल तर तेही लिही. शिव्या दे, पण लिही.

स्वप्ना

---

वडवणी
४ ऑक्टोबर

स्वप्ना,

ठीक आहे. म्हणजे, आधी वाच.

मंगळवारी मी वस्तीवर पोचले तर दारात धुळाजीची जीप. एक दिवस आधीच आला होता, कुणीतरी कळवलं असणार. सोबत अभिमन्यू. ऋतुजा पिशवी घेऊन तयार, आरोही तिच्या कडेवर, आणि हनुमान जीपच्या बोनेटला हात लावून उभा.

धुळाजी गोडच बोलला. ‘कुटं निघाले समदे?’

केशरबाई म्हणाली, ‘बीडला. सरकारी दवाखान्यात.’

‘तिथं दिवसभर लाईनीत मरशाल. मी आपल्या डॉक्टरला सांगून ठेवलंय.’

‘मला नेलतं तवा बी तुमी सांगूनच ठेवलं व्हतं.’

आजूबाजूच्या बायका कामं सोडून दारात आल्या. अभिमन्यू माझ्याकडं वळला आणि इंग्रजीत म्हणाला, मॅडम, ह्या लोकांच्या डोक्यात तुम्ही काय भरलंय? तुमच्या भावाचं गॅरेज कुणाच्या जिवावर चालतं, ठाऊक आहे ना?

हळू आवाजात, सभ्य इंग्रजीत. तिथल्या कुणाला कळू नये म्हणून.

मला अल्लानं कुठून ताकद दिली माहीत नाही. मी त्याचं वाक्य जसंच्या तसं मराठीत मोठ्यानं सांगितलं, सगळ्या वस्तीला. गॅरेजसकट. मग म्हटलं, ‘आणि ह्यांच्या डोक्यात मी काही भरलं नाही. केशरबाईंनी मे महिन्यातच सांगितलंय, ह्यांना कोण घेऊन गेलं होतं आणि कुणी विचारलं नव्हतं. तेव्हा ते माझ्या तोंडातून निघालं नाही, आता सांगते.’ आणि सांगितलं. सात जणींचं पण. त्यातल्या तिघी तिथं उभ्या होत्या. एक म्हातारी भिंतीला टेकून खाली बसली.

धुळाजी हनुमानला म्हणाला, ‘बायकू कुनाची हाय बे? तू बोल.’

ऋतुजा त्याच्याकडं बघत होती. मग त्यानं जीपवरचा हात काढला, तिच्या हातातली पिशवी घेतली आणि रस्त्याकडं चालायला लागला. आम्ही त्याच्या मागं.

बीडला लाईन खरंच लांब होती. पण संध्याकाळच्या आत डॉक्टरीण बाईंनी तपासलं, सोनोग्राफी झाली. आतून सूज आणि इन्फेक्शन. गोळ्या, इंजेक्शनं, आराम. ‘गर्भाशय ठणठणीत आहे,’ बाई म्हणाल्या, ‘कुणी काढायला सांगितलं हे?’ ऋतुजा त्यांच्या टेबलाला धरून उभी होती. तिला चक्कर आली. चार दिवस ठेवून घेतलं, मीही तिथंच होते, म्हणून फोन चार्ज नव्हता. मग घरी आले तर लिहायची शुद्ध राहिली नाही.

कारण ट्रॅक्टर गेले. त्याच मंगळवारी दुपारी धुळाजीची माणसं आली आणि दुरुस्त झालेले, न झालेले सगळे ओढून नेले. गुफरान माझ्याशी बोलत नाही. अम्मी बोलते पण माझ्याकडं बघत नाही. अब्बांनी मी बीडहून परतले त्या संध्याकाळी गाड्यावरची सगळी सीताफळं घरी आणली, माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, ‘खा. मारामारी करून आलीस, भूक लागली असंल.’ तेव्हा मी रडले, त्याआधी नाही.

धुळाजीनं केशरबाईच्या घरालाही टोळीतून काढलं. तलवाड्याच्या एका मुकादमाकडं बोलणं चाललंय. तो म्हणतो, ही बाई तोंडाची फटकळ आहे, पण हात चालतो.

तुला केशरबाईचा निरोप. ‘त्या पोरीला म्हनाव, माजं बोलताना रडू नको. मी रडले न्हाई.’

खुशनुमा

---

माँक्टन
१९ ऑक्टोबर

खुशी,

तुझं पत्र मिरेयला वाचून दाखवलं, एकेक वाक्य फ्रेंचमध्ये करत. ‘बायकू कुनाची हाय बे’ हे मला काही केल्या करता आलं नाही, तरी तिला कळलं.

रेकॉर्डिंग परवा झालं. छोटी खोली, काचेपलीकडं दोघं. फ्रेंचमध्ये एक सोय आहे, कुणी केलं ते न सांगताच ‘केलं गेलं’ असं म्हणता येतं. आमच्या भाषा तपासणाऱ्या बाईंनी तेच लिहून दिलं होतं, ‘माझं गर्भाशय काढलं गेलं.’ जास्त डौलदार आहे म्हणे. मी म्हटलं, केशरबाई असं म्हणत नाहीत. त्या म्हणतात, मला मुकादम घेऊन गेला. अर्धा तास वाद. मी ह्या इमारतीत पहिल्यांदाच आवाज चढवला. शेवटी मिरेय म्हणाली, तिचं वाक्य राहू दे.

पहिल्या वेळेला मी ‘सव्वीस’वर अडखळले. पुन्हा केलं. पुन्हा तिथंच अडले. मग मी तुझ्या पत्रातला निरोप मोबाईलवर समोर ठेवला आणि बोलले. नीट झालं.

गॅरेजचं वाचल्यापासून मला जेवण गोड लागत नाही. त्यावर मी इथून काय लिहू? गुफरानला सांग, राग माझ्यावर काढ. माझा करार मार्चपर्यंत वाढवलाय, त्यापुढं केंद्रच कसं राहील कुणाला माहीत नाही. आज एक मजला रिकामा केला.

ऋतुजा कशी आहे?

स्वप्ना

---

वडवणी
२ फेब्रुवारी २०२५

स्वप्ना,

तू पाठवलेली फिल्म आम्ही काल पाहिली. ऋतुजाच्या घरी, तिच्याच मोबाईलवर. केशरबाई, नवरा रामकिसन आणि हनुमान कर्नाटकात ऊस तोडतायत, तलवाड्याच्या टोळीत. हनुमान अर्धा कोयता म्हणून गेलाय, जोडीला बायको नाही. ऋतुजा पहिल्यांदाच हंगामात घरी राहिली. तब्येत चांगली आहे. दिवसभर काय करावं सुचत नाही म्हणते, आरोहीला अंगणवाडीत सोडते आणि तिथंच बाहेर बसून राहते.

तुझा आवाज सुरू झाल्यावर ती आधी फिस्सकन हसली, ‘आत्या फ्रेंच बोलाय लागल्या!’ मग खाली केशरबाईचं मराठी ऐकू यायला लागलं तसं तिचं हसणं थांबलं. तिनं मोबाईल कानाला लावला, फोन ऐकतात तसा. तुझ्या आवाजाखालून सासूचा आवाज शोधत होती. संपल्यावर म्हणाली, ‘मला हे आत्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. एका घरात राहतो आमी.’

खेकड्यांच्या कारखान्यातली ती जाड बाई, बर्फात उभी राहून सिगरेट ओढणारी, काय म्हणते ते तिनं विचारलं. मला फ्रेंच येत नाही. तू लिहून पाठव.

गुफरान डिसेंबरपासून बोलतोय. गॅरेजला आता मोटरसायकलीच जास्त येतात. पूर्वीसारखं नाही आणि होईल असं मला वाटत नाही. त्यानं मला माफ केलंय की नाही ते मी विचारत नाही. पण काल ऋतुजाकडं निघाले तर त्याच्या स्कूटरची टाकी भरलेली होती आणि किल्ली माझ्यासाठी ठेवलेली.

हे लिहितेय तोवर दारात दोघी आल्यात. वस्तीवरच्या. एक धुळाजीच्या टोळीतली, आजारी म्हणून फडावरून परत पाठवलेली. तिनं मला खुणेनं बाहेर बोलावलं आणि विचारलं, बीडला कवा जानार. दुसरी मागंच उभी. नाव विचारलं तर पदर तोंडाला लावून भिंतीकडं वळली. अम्मीनं दोघींना आत घेतलंय, माझ्याकडं न बघता मलाच सांगतेय, ‘पानी दे त्यास्नी, उभी कावून राहिलीस?’

जाते.

खुशनुमा